हात सैल सोडा

नाडी बघायला वैद्यांनी माझ्या आधी नंबर असलेल्या काकूंचा हात हातात घेतला. म्हणाले, “सैल सोडा.”

“सोडलाय की!”

वैद्यांनी हळूच आपला हात काढून घेतला. काकूंचा हात हवेत तसाच राहिला. त्यांनाच हसू आलं.

शवासनात आमच्या योगवर्गातल्या बाई हेच सांगतात. विहारात भंतेजीही सांगतात, धरून ठेवलं की दुःख आलंच. म्हणजे बरं व्हायचं असो की मुक्त, आधी सोडायचं. एवढं साधं जमू नये माणसाला!

“या, पुढचे कोण?”

उठताना लक्षात आलं, शेजारची खुर्ची रिकामी होती, तरी रिपोर्टांची पिशवी मी मघापासून छातीशी घट्ट धरून बसलो होतो.