चेंडूमागे धावणारा माणूस

थंडी पडली की आमचा कुत्रा खंडू उदास होऊन कोपरा धरायचा आणि जेवण सोडायचा. त्याला उन्हासाठी लक्ष्मी तालावर, तळ्याकाठी नेलं, तर माकडटोपीतला एक अनोळखी माणूस रोज माझं डोकं खायचा. तो चेंडू फेकायचा, खंडू ढिम्म बसायचा, मग हाच धापा टाकत चेंडू आणायचा.

"दद्दा, इसका मन बुझा है. साथ में खेलो!"

"भैया, कुत्ता ये है कि आप?" मी वैतागून विचारलं.

"जब तक ये नहीं बनता, तब तक मैं!"

एका सकाळी खंडू उठला, त्या माणसामागे धावत सुटला आणि घरी येऊन त्याने अख्खी पोळी खाल्ली. घरचे अजून मी त्याला दिलेल्या भुकेच्या गोळ्यांचे गुण गातात. त्या गोळ्या खंडू रोज थुंकून टाकायचा.