अकरा घोड्यांची खबर

करीमचाचा नालबंदावर अन्याय झाला तो पोळ्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, आमच्या ठाण्याच्या ओसरीवर. ठाणेदारांनी त्यांची खबर वाचली, हसले, आणि वहीत तिच्यापुढे ‘खबर देणारा भरवशाचा नाही’ असा शेरा मारला. तो शेरा अंगावर घेऊन चाचा पाच महिने जगले आणि गेल्या महिन्यात तापानं गेले. मी कामरगावला सभेत होतो. निरोप मिळून परतलो तोवर दफन होऊन गेलं होतं...

शिरपूरच्या रस्त्याला निंबाखाली त्यांचं दुकान. घोड्याबैलांना नाल ठोकणं हा धंदा. गिऱ्हाईक आलं की चाचा त्याच्याकडे पाहायचे नाहीत, आधी जनावराचा पाय उचलायचे. खुरात अडकलेली माती बोटानं चोळून म्हणायचे, “हा मुरमाड वाटेनं आला.” आणि ते खरं निघायचं. मी गावोगाव पत्रकं वाटतो म्हणून मला हाक मारायचे, “काय पत्रकवाले, आज कोणाले झोडपून राह्यला?”

संस्थानची सरहद्द आमच्यापासून चार कोसांवर. पलीकडची एक टोळी बाजाराच्या दिवशी गावांवर तुटून पडायची. लुटीपेक्षा धाक बसवण्यावर तिचा भर. दुकानं जाळायची, दिसेल त्याला मारायचं, म्हणजे गावं आपसूक रिकामी होतात. त्या बुधवारच्या आदल्या वर्षी चार अनोळखी स्वार चाचांकडे आले. नालाखाली जाड चामडं बसवून दे म्हणाले. चाचांनी बसवलं आणि तडक ठाणं गाठलं. मला सांगत होते, “लग्नाच्या घोड्याची टाप वाजली पाह्यजे, टांग्याच्याबी घोड्याची वाजली पाह्यजे. ज्याले वाजायलेच नको, तो कोण रे?”

त्या खेपेला ठाणेदारांनी ऐकलं. गुरुवारी दहा बंदूकवाले शिपाई बाजाराच्या तोंडाशी दिवसभर बसले. कोणीच आलं नाही. नाल्याकडे मेंढ्या चारणाऱ्या एका धनगरानं स्वार अर्ध्या वाटेतून माघारी वळताना पाहिले होते, पण त्याला विचारायला गेलं कोण? वहीत ‘खबर खोटी’ एवढंच चढलं. गावाला मात्र चघळायला विषय मिळाला. “काय चाचा, घोडे उडून गेले का?” चाचा हातोडा न थांबवता म्हणायचे, “नाही आले, त्याचं तुले दुःख आहे का?”

मग हा पोळा झाला. तीन दिवसांत, वेगवेगळ्या वाटांनी, अकरा घोडे आले. सगळ्यांना चामडं हवं. चाचा या वेळी आधी माझ्याकडे आले. तोंडी सांगण्यापेक्षा कागदाचं वजन पडेल, असा त्यांचा हिशेब. मी लिहायला बसलो. हात पत्रकं लिहून तयार झालेला, त्यानं आपोआप लिहिलं: ‘शेकडो हत्यारबंद नरराक्षस गावावर चालून येत आहेत!’ चाचांना वाचून दाखवलं.

“शेकडो कायले लिहितं बाप्पा? मी त अकराच पाह्यले.”

“चाचा, अकराले कोणी जागचं हलत नाही.”

“पण अकराच होते ना...”

मी कागद बदलला नाही. चाचा तोच घेऊन ठाण्यात गेले, मी सोबत होतो. ठाणेदार म्हणाले, “मागच्या खेपेला एक आला नाही, आन् आता शेकडो? काय चाचा, नाल ठोकता ठोकता डुलकी लागली का?” शिपाई हसले. तू स्वतः किती पाहिले, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते आले. टापांचा आवाज नाहीच. धान्याच्या ओळीत माणसं पडली तेव्हाच बाजाराला कळलं. तिघं गेले, सहा दुकानं जळाली. मागून साऱ्यांनी मोजून सांगितलं, घोडे अकरा.

ठाणेदारांनी चाचांना बोलावून विचारलं, “तुले आधीच कसं ठाऊक होतं?” आदल्या वर्षी खोटारडा ठरलेला माणूस आता सामील ठरला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी लागली. ज्या खबरीमुळे हल्ला टळतो ती खोटी ठरते, आणि पुढची खबर त्या खोटेपणावर तोलली जाते. हा कुठला तराजू? मी संतापून ठाणेदारांविरुद्ध पत्रक लिहिलं, चाचांना ऐकवलं. ते चामडं कापत होते. म्हणाले, “छाप. पण तुह्या शेकड्याचंबी छाप.”

ते पत्रक मी छापलं नाही. माझं शेकड्याचं मी आज इथे छापतो आहे. आकडा माझा होता, चाचांचा नव्हता, असा जबाब ठाण्यातही दिला आहे. वहीतला शेरा अजून तसाच आहे. खैरुनचाची म्हणतात, “माणूस गेला, नाव तरी धुवून द्या.” निंबाखालचं दुकान बंद आहे, पण खांबाच्या खिळ्याला त्या चामड्याचा एक तुकडा लटकतो आहे. ठाणेदार कधी मागतील म्हणून चाचांनी नमुना जपून ठेवला होता. कोणी मागितला नाही.

वाचकहो, शिपाई बसले होते त्या पहिल्या गुरुवारी तुमच्यातले कितीतरी जण बाजारात होते. भाजी घेतलीत, चाचांची थट्टा केलीत, धडधाकट घरी गेलात. येत्या सोमवारी, त्यांच्या हजेरीच्या वेळेला, ठाण्यात या आणि तेवढंच आपल्या सहीनं लिहून द्या.