कमी गेनचे ट्रान्झिस्टर

चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करून आमचे हे, श्रीनिवास, निवृत्त झाले आणि गिटारवाल्या पोरांच्या नादी लागले. गिटारचा चांगला आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या पेट्या ते घरी बनवतात. शांतता नकोशी वाटणारा नारायण पेठेतला हा एकमेव पेन्शनर असावा.

गेल्या मंगळवारी मात्र ते जेवणाच्या टेबलाशी पांढरेफटक पडून बसले होते. वाघोलीच्या दिग्विजयसाठी केलेली पेटी वाजवून पाहिली, तर आवाज मऊ आणि दबलेला.

"श्यामला, माझे कान गेले," ते म्हणाले.

मला हसू आलं नाही. माझे सासरे सत्तरीला ठार बहिरे झाले होते. चारचौघांत बसायचे आणि सगळे हसले की मागून हसायचे. ह्यांना मरणाची भीती नाही, त्या मागून हसण्याची आहे. आणि हे यंदा एकोणसत्तर.

मग त्यांनी मीटर काढला. जुन्या बाजारातून आणलेला एकेक ट्रान्झिस्टर तपासला. गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची ताकद, शंभराच्या आसपास हवी होती. इथे वीस, पंचवीस, अठरा.

"ह्यांच्यातच दम नाही! माझे कान शाबूत आहेत!" ते ओरडलेच.

"मग टाका ते."

"टाका काय? दोन-दोन जोडायचे. एकाने वाढवलेलं दुसरा आणखी वाढवतो."

दुपारभर घरात सोल्डरचा धूर. साडेचारला त्यांनी तार छेडली. आवाज असा फाटला की तावदानं थरथरली. "बघ!" ते म्हणाले. "आणि मागे जराही कुरकुर नाही."

मी चहाचं आधण ठेवत होते, तशीच थांबले. तार केव्हाच शांत झाली होती, पण स्पीकरमधून एक बारीक, टोकदार शिट्टी येत होती. दात शिवशिवावेत अशी. आणि हे खुशीत माझ्याकडे बघत होते.

गप्प बसावं, असं मनात आलं. पण सहाला दिग्विजय येणार होता. परक्या पोराने त्यांच्यादेखत कानांवर हात ठेवले असते.

"अहो, शिट्टी येतेय."

"कधी आली?"

"आत्ताही येतेय."

त्यांनी स्पीकरला कान लावला. मग माझ्याकडे पाहिलं. उभ्या संसारात त्यांना इतकं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "जोडीची ताकद जास्त झाली. टोकदार आवाज गिळणारा एक बारका कपॅसिटर लावला की जाईल." त्यांनी एक लावला. मी मानेनेच नाही म्हटलं. मग त्याहून मोठा लावला.

"आता?"

"गेली."

"नक्की? माझं मन राखायला म्हणत नाहीस ना?"

"नक्की गेली."

त्यांनी हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"श्यामला, मला काहीच फरक ऐकू आला नाही गं."