आम्ही पडलो त्या वर्षी

निवडणूक जिंकली की सांगण्यासारखी एकच गोष्ट उरते. हरली की किस्से साठत जातात, कारण हरलेल्या माणसांना दुसरं काम नसतं आणि ती सगळी माझ्या दुकानात येऊन बसतात. लोणावळ्याच्या बाजारात माझं सायकलींचं दुकान. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच लोकसभेची निवडणूक झाली. आमच्या पक्षाचा धुव्वा उडाला देशभर, पण त्याचा सगळा वैताग माझ्या बाकड्यावर निघाला.

आमचे म्होरके दत्तूभाऊ. रेल्वेतून गार्ड म्हणून नुकतेच रिटायर झालेले. निकालाच्या दिवशी सकाळीच त्यांनी बँड सांगून ठेवला. मी म्हटलं, जरा दम धरा. तर म्हणाले, सिग्नल पडलाय, आता गाडी थांबत नाही.

दुपारी रेडिओवर कळलं, पडलो. बँडवाल्यांना नको म्हणून सांगायचं कुणाला सुचलंच नाही. संध्याकाळी लाल कोटातली मंडळी दुकानासमोर हजर. तेवढ्यात विरोधकांची मिरवणूक आली, तीही बँडशिवाय. दत्तूभाऊंनी नुसतं बोट दाखवून बँडमास्तरला तिकडे पाठवलं. तो इमानी माणूस. आमच्या प्रचारगीताची चाल त्यानं मेहनतीनं बसवली होती, तीच वाजवली. आमच्या चालीवर ते लोक अंधार पडेपर्यंत नाचले!

*

मग पराभवाची कारणमीमांसा सुरू झाली. रोज नवं कारण आणि चहा माझा. कुणी म्हणे शाई बदलली, कुणी म्हणे पेट्या बदलल्या. टाकव्याचे नामदेव आबा आठवडाभर गप्प बसून होते. शेवटी म्हणाले, "चिन्ह लय बारीक छापलं हुतं. आमच्या म्हातारीला दिसलंच न्हाई."

मी विचारलं, मग तिनं मत कुणाला दिलं?

"जे दिसलं त्याला."

*

दत्तूभाऊंचं यानं समाधान होईना. टाकव्याच्या वर डोंगरात एक वाडी आहे. प्रचारात तिथं त्यांना नाचणीची भाकरी मिळाली होती आणि सगळी मतं तुमालाच, असा शब्दही. त्यांनी मला बरोबर घेतलं आणि भर उन्हात वाडी गाठली. एक म्हातारबाबा झोपडीच्या सावलीत टोपली विणत बसले होते. दत्तूभाऊंनी दुखावल्या आवाजात विचारलं, बाबा, दिलंत का मत?

"दिलं की. तुमालाबी दिलं, त्यास्नीबी दिलं. दोन्हीकडं शिक्का मारला."

असं केलं की मत बाद होतं, हे दत्तूभाऊंनी घसा कोरडा होईस्तोवर समजावलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "त्येबी भाकर खाऊन गेलं हुतं. एकाला न्हाई कसं म्हनायचं?"



*

पडलेल्या उमेदवारानं आभारसभा घ्यायची टूम काढली. नको म्हणून आम्ही सांगून पाहिलं. सभेला आम्ही चौघं, माईकवाला आणि चिक्कीच्या दुकानातून निघालेलं मुंबईचं एक कुटुंब. साहेब तळमळीनं बोलले. शेवटी म्हणाले, कुणाला काही शंका असल्यास विचारा. त्या कुटुंबातल्या गृहस्थांनी हात वर केला आणि वळवण धरणाचा रस्ता विचारला. साहेबांनी तो नीट सांगितला. जनतेच्या शंकेचं तेवढंच निरसन त्या निवडणुकीत आमच्याकडून झालं.

*

या सगळ्यात खरं नुकसान झालं ते दत्तूभाऊ आणि गेनूभाऊंच्या दोस्तीचं. गेनूभाऊ विरोधकांचे इथले प्रमुख. दोघं लहानपणापासूनचे मित्र, सकाळचा चहा स्टेशनवर एकत्र. निकालानंतर दत्तूभाऊंनी बोलणं तोडलं. गेनूभाऊ दिसले की ते रस्ता ओलांडायचे. मी दोघांनाही समजावून थकलो.

पावसाळ्यात एकदा दत्तूभाऊ बाकड्यावर बसलेले असताना गेनूभाऊ स्वतःच दुकानात आले. चेहरा उतरलेला. त्यांची लेक टाकव्याच्या पुढच्या गावात दिलेली. तिला कळा सुरू झाल्या, रस्ता म्हणजे नुसता चिखल. चौघांनी बाजेवर घालून तिला कान्ह्याच्या स्टेशनापर्यंत आणलं. पोरगी वाचली, बाळ गेलं. त्यांच्याच खासदारानं तो रस्ता भाषणात कबूल केला होता, आणि निवडून आल्यापासून तोंड दाखवलं नव्हतं.

दत्तूभाऊ उठले आणि गेनूभाऊंच्या शेजारी जाऊन बसले. 

मग गेनूभाऊ म्हणाले, "दत्तू, आमच्यावर एक मोर्चा काढ. मला काढता येत नाही."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मोर्चा निघाला. आमची माणसं थोडी, टाकव्याकडची पुष्कळ. खासदारसाहेब त्या दिवशी त्यांच्या पक्षाच्या कचेरीत आले होते. दारात आम्हाला अडवायला गेनूभाऊच उभे, पांढरी टोपी, हात जोडलेले. दत्तूभाऊंनी घोषणा दिल्या. मित्राच्या तोंडावर द्यायच्या म्हणून आवाज जरा बेतानंच काढला असावा.

गेनूभाऊ एक पायरी खाली उतरले आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "जोरात बोल. आत ऐकू जात नाही."