मानेमागची गाठ

गाठीच्या गोष्टी सरत नाहीत. एकीनं आपली सांगितली का चौघी पदर सारून आपापली दाखवतात!

माही मानेमागं होती. लिंबाएवढी, मऊ. दुखे ना खुपे. सून माही वेणी घालता घालता थांबली. "आई, हे काय व्हय?" त्या दिसापासून माहा हात घडीघडी मानेमागं जाये.

मानोऱ्याच्या बाजारात आमी भाजीवाल्या एका ओळीत बसतो. गिऱ्हाईक वांगं दाबून पाह्यते, तशी एकेकीनं माही मान दाबली. रुक्मा म्हणे, "सरकते. भेव नाही." कमळा म्हणे, "माह्या मामीचीबी सरकत होती..." अन् लगेच वांग्यावर पाणी शिंपडू लागली! मामीचं पुढं काय झालं, ते मी विचारलंच नाही.

घरी तं कहर! ज्या पोरानं कधी पाण्याचा गिलास देल्ला नाही, तो म्हणे, "आई, दमली असशीन, बस." सुनेनं पुरणाच्या पोळ्या केल्या. ना सण, ना पाव्हणा! मी सुनेले विचारलं,

"काहून केल्या वं?"

"सहजच."

सहज कोणी पुरण वाटते का?

वाशिमच्या डॉक्टरनं सोनोग्राफी केली, सुई टोचली. म्हणे, "मावशी, बहुतेक चरबीची गाठ आहे."

"बहुतेक कायले? वांगं किडकं असते, नाही तं नसते!"

"पण तेही चिरल्यावरच समजतं ना? रिपोर्ट येऊ द्या."

रिपोर्टची वाट पाहून राह्यलो होतो, तं शांता आली. माही धाकटी जाऊ. मळ्याच्या धुऱ्यावरून, म्हंजे बांधावरून, आमचं भांडण झालं, तवापासून बोलणं बंद. मधात तुराट्याचं कुंपण. आली ते कंगवा घेऊन माह्या मागं बसली. गाठीच्या बाजूनं असा हलका हात, जसं अंडं ठेवलं हाये तिथं! रोज येऊ लागली. तिच्या येण्यानं मले डॉक्टरपेक्षा जास्त भेव वाटे. मनात म्हणो, हिले कोणी काही सांगितलं तं नाही?

रिपोर्ट आला. पोरानं वाचला. "चरबीचीच हाये आई, कॅन्सर नाही!" सून रडली, मी रडली. शांतानं कंगवा खाली ठेवला अन् चहा न पेता निघून गेली. पुन्हा बोलणं बंद!

मंग एका सकाळी मी मेथी उपटत होती. कुंपणापलीकडं शांता खाकरली, हातात कंगवा.

"जाऊबाई, नीट चाचपून पाहा. दुसरी एखादी असंल कुठी!"