चुकीला नाव नाही

श्रीपाद मोहोनी, म्हणजे आमचे अण्णा, यांनी आयुष्यात कॉम्प्युटरच्या प्रोग्रामची एक ओळसुद्धा लिहिली नाही. तरी आमच्या प्रोग्रामच्या फायलीत त्यांचं नाव आहे. ते तिथे कसं आलं हे सांगायचं तर आधी मला माझीच लाज काढावी लागणार. काढतो. माझं डोकं लवकर सटकतं आणि उशिरा जाग्यावर येतं, आमच्या चिखलोलीत कुणालाही विचारा.

अण्णा अंबरनाथ पश्चिमेला राहायचे. एका कारखान्यात लेथच्या खात्यात बत्तीस वर्षं काढली आणि फोरमन म्हणून शहाण्णव साली रिटायर झाले. रिटायर झालेली माणसं देवळात जातात, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगा लावतात. अण्णा माझ्या दुकानात आले. उल्हासनगरात तीन नंबर कॅम्पात माझं कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान होतं, एका बाजूला सिंधी कापडवाला, दुसऱ्या बाजूला सिंधी पापडवाला. अण्णा काउंटरपाशी उभे राहून म्हणाले, "मला मराठीत टाईप करायचंय. बायकोची इच्छा आहे, तिच्या आईच्या ओव्या नीट लिहून ठेवायच्या." मी म्हटलं, काका, बरोबर जागी आलात आणि चुकीच्या वेळी आलात. प्रोग्राम अजून बनतोय.

बनवत होतो आम्ही दहा-बारा जण. मराठी टाईप करायचा प्रोग्राम, फुकट आणि उघडा. उघडा म्हणजे आतलं सगळं लिखाण कुणीही बघावं, बिघडलं असेल तर दुरुस्त करावं, सुधारलेलं परत सगळ्यांना द्यावं. कुणाला पगार नाही, कुणी साहेब नाही. एक पुण्यात, एक बडोद्याला, दोघं अमेरिकेत. बहुतेकांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नव्हती. सगळं बोलणं ईमेलच्या यादीवर चालायचं. एकाने लिहिलं की सगळ्यांच्या पेटीत जाऊन पडायचं. मिळायचं काय, तर एकच गोष्ट. प्रत्येक फायलीच्या माथ्यावर कुणी काय लिहिलं, कुणी काय सुधारलं, ते नावानिशी असायचं.

अण्णा दर रविवारी दुकानात येऊन बसायला लागले. त्यांचं काम टाईप करून बघायचं. कुठलं जोडाक्षर तुटतं, कुठली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, ते वहीत लिहायचं आणि मी ते यादीवर टाकायचं.

जोडाक्षरांचा सगळा भाग मीनलचा. कुळगावची मुलगी. वडील गेले तेव्हा बी.एस्सी. शेवटच्या वर्षाला सुटली, मग एका क्लासात पोरांना कॉम्प्युटर शिकवायची. डिग्री नाही, पण डोकं असं की अमेरिकेतले दोघं तिला विचारून पुढे जायचे. सात फायली तिने एकटीने लिहिल्या होत्या.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत तिच्या नव्या फायलीने घोळ केला. प्रिंटरवर काकूंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, ओव्यांच्या जागी नुसते चौकोन. दोन रात्री मी त्यात घालवल्या होत्या, माझं डोकं फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्यांना जाईल असं यादीवर लिहिलं, "ही फाईल मीनलने झोपेत लिहिलेली दिसते. झेपत नसेल तर क्लासातली पोरं सांभाळावी." चूक होती अर्ध्या ओळीची.

मीनल गप्प झाली. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. जोडाक्षरांचं काम जागच्या जागी थांबलं.

अण्णांनी विचारलं, "असं का लिहिलंस, चंदर?"

"चूक होती ती सांगितली," मी म्हटलं. "आमच्याकडे आई दोन शिव्या घातल्याशिवाय ताट वाढत नाही. त्याला कुणी अपमान म्हणत नाही."

"पण तुझी आई वाढते ना ताट?" अण्णा म्हणाले. "तू मीनलला काय वाढलंस?"

मी उठून चहा सांगायला गेलो.

परत आलो तर अण्णा वहीत काहीतरी लिहीत होते. म्हणाले, "आमच्या खात्यात पाळी बदलताना रजिस्टर लिहायचो. मशीन नंबर सात, बेअरिंग गरम. बस. शंकरने तेल घातलं नाही, असं लिहायचं नाही. मी फोरमन झालो तेव्हा पहिला नियम हाच केला. एकदा शंकरचं नाव लिहिलं की पुढच्या वेळी शंकर बेअरिंग गरम झालेलं सांगतच नाही. आणि मग एक दिवस मशीन बसतं."

मला ते पटलं, हीच तर भानगड आहे. पटलं आणि रागही आला. अण्णांनी आखीव कागदावर एकमेकांचा सन्मान ठेवायचे चार नियम लिहिले. पहिला: चूक लिहावी ती वस्तूची; चुकीला माणसाचं नाव जोडू नये. दुसरा: नवीन माणसाच्या प्रश्नाला हसू नये. तिसरा: जे तोंडावर बोलणार नाही ते लिहू नये. चौथा: रागात लिहिलेलं पत्र एक दिवस ठेवून मग पाठवावं. मीच ते, रजिस्टराच्या गोष्टीसकट, टाईप करून यादीवर टाकले. अमेरिकेतून वाहवा आली. पुणेवाल्याने एक शंका काढली, ती कुणाला कळली नाही. आणि चौथ्या दिवशी मीनलचं पत्र आलं: चुकीची ओळ सापडली, दुरुस्त केली आहे. बस, एवढंच. सगळे खूश झाले.

मी सोडून. नियम सगळ्यांसाठी होते, पण कुणामुळे झाले ते काय लपलं होतं? माझ्या दुकानात बसून, माझा चहा पिऊन, माझ्याविरुद्ध कायदा.

दिवाळीत नवी आवृत्ती काढायची होती. फायली गोळा करून, साफ करून सगळ्यांना पाठवायचं काम माझ्याकडे. साफ करताना लक्षात आलं की फायलींच्या माथ्यावर असं लिहिलंय: "चंदरची चूक मीनलने सुधारली." "मीनलची चूक पुण्याहून सुधारली." म्हणजे पहिला नियम मोडलाच की. बरं, यातलं चूक किती आणि काम किती, कसं निवडायचं? एकाची सुधारणा ती दुसऱ्याची चूक. तासभर डोकं खाजवलं, मग आठ ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि जिथे जिथे नाव होतं ती ओळ उडवली. सगळ्या फायलींतून. माझंही नाव गेलं त्यात.

हे मी खुन्नस म्हणून केलं का? दुसऱ्या कुणी नाही, मीच मला विचारलंय. घ्या तुमचा नियम, असं मनात होतं का? होतं. हेच बरोबर आहे, असंही वाटत होतं का? तेही होतं. दोन्ही एकाच डोक्यात एकाच वेळी कसं राहतं मला कळत नाही.

अण्णांना मी छापील कागद दाखवले. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "स्वच्छ झालंय. रजिस्टरासारखं." कुणी काही बोललं नाही. फायलीचा माथा कोण वाचतो? ज्याचं नाव असतं तो, आणि तोही गरज पडली तर.

गरज जानेवारीत पडली. मीनलला अंधेरीच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. डिग्री नाही म्हटल्यावर साहेबाने विचारलं, मग काम काय केलंय ते दाखवा. तिने आमची नवी फ्लॉपी पुढे केली, म्हणाली या सात फायली माझ्या. साहेबाने एक उघडली, दुसरी उघडली. म्हणाला, "यात तुमचं नाव कुठाय?" तिने सातही उघडून पाहिल्या. त्याच्यासमोर. कळवू म्हणाले.

हे आम्हाला नंतर समजलं. यादीवर तिच्या दोनच ओळी आल्या: "सन्मानाच्या नियमांपायी माझं नाव काढल्याबद्दल आभार. आता यादीतूनही काढा."

अण्णांनी त्या ओळी चार वेळा वाचल्या. त्यांचा चेहरा पाहवेना. मला म्हणाले, "पण हे सन्मानासाठीच केलं होतं ना आपण?" मी केलं होतं, आणि म्हातारा 'आपण' म्हणत होता. मग म्हणाले, "चल, स्कूटर काढतो."

कुळगावात मीनलच्या घरी तिच्या आईने, इंदुबाईंनी, पाणी दिलं. मीनल समोर बसली. रडलीबिडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

अण्णा म्हणाले, "नावं आमच्याकडून निघाली. नियम माझा होता. मी कागद पाहिले होते, मला खटकलं नाही." मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. आणि मी, इतका तोंडाळ माणूस, दाबला गेलो.

मीनल म्हणाली, "तुमच्या खात्यात कुणाचंच नाव लिहीत नव्हते ना अण्णा? मग बत्तीस वर्षांत तुमचं नाव कितीदा आलं त्या रजिस्टरात?"

"एकदाही नाही."

"बरं वाटलं तुम्हाला?"

अण्णांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग हळूहळू सांगायला लागले. चौऱ्याऐंशी साली त्यांनी एक पकड बनवली होती, लोखंडाची. ती लावली की लेथवर तिरपा तुकडा एका दमात बसायचा, आधी त्याला अर्धा तास लागायचा. अजून सगळ्या खात्यात वापरतात. वरच्या साहेबांना त्याबद्दल शाबासकी मिळाली. "मी म्हटलं, आपलं मन मोठं आहे, आपल्याला नावाचं काय," अण्णा म्हणाले. "आता तू विचारलंस तर कळेना झालंय. बरं वाटलं नव्हतं बहुतेक."

चहा न घेताच आम्ही उठलो. इंदुबाई म्हणाल्या, थांबा की, ठेवलाय. पण अण्णांना थांबवेना.

दुसऱ्याच दिवशी अण्णा स्वतःच्या अक्षरात पत्र लिहून अंधेरीला गेले. कुठली फाईल मीनलची, कुठल्या महिन्यात लिहिली, सगळं वहीतून काढून. संध्याकाळी दुकानात येऊन बसले. म्हणाले, "जागा भरली. आठ दिवस झाले." नंतर म्हणाले, "साहेब बिचारा भला होता, बसायला खुर्ची दिली." मीनल अजून त्याच क्लासात शिकवते.

त्या आठवड्यात मी जुन्या फायली काढून एकेक नाव परत जागेवर लावलं. अण्णांनी पहिला नियम बदलला: चुकीला नाव नाही, कामाला नाव हवंच. मी विचारलं, "अण्णा, मीनलला सांगू का, की नावं मी काढली?"

"कशाला? चुकीला नाव नसतं." ते स्कूटरला किक मारायला वाकले आणि तसेच थांबले. "खरं म्हणजे मला नीट कळत नाही रे चंदर. शंकरला मी वाचवत होतो की त्याचं ओझं त्याच्याच गळ्यात ठेवत होतो, कोण जाणे." मग किक मारली आणि गेले. तो प्रश्न मी तिथेच सोडला. मला सोयीचं होतं ते.

मीनल मार्चमध्ये यादीवर परत आली. आली ती नव्या कामासकट, आणि त्या फायलीत सगळ्यात खाली तिने एक ओळ घातली होती: "वागण्याचे नियम: श्रीपाद मोहोनी, अंबरनाथ." मी अण्णांना ती स्क्रीनवर दाखवली. ते म्हणाले, "हे कशाला? मी काय केलं?" पण घरी जाताना एक कागद छापून मागितला. काकूंनी नंतर सांगितलं की तो त्यांनी पासबुकात ठेवला होता.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. झोपेतच. काकूंच्या ओव्या तोवर सगळ्या टाईप करून झाल्या होत्या, शेवटच्या चार सोडून.

तेराव्याला मीनल आली होती. पंगत उठल्यावर आम्ही गॅलरीत उभे होतो. ती म्हणाली, "चंदर, एक सांगू? माणूस देवासारखा. पण माझी नावं अण्णांनी काढली, ते मला अजून खुपतं. ओळ लिहिली मी त्यांच्या नावाची, पण मनापासून माफ नाही करता आलं. आणि आता ते गेले."

काकू मागे उभ्या होत्या, हातात पानाचं तबक. त्यांना सगळं माहीत होतं. अण्णा त्यांच्यापासून काही लपवत नसत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तबक पुढे केलं. मी पान घेतलं. खाली बघून घेतलं आणि गप्प बसलो. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही, आठ दिवस जेवण गोड लागलेलं नाही.

अण्णांचा नियम चांगला आहे. तो मी मोडावा की पाळावा, मला अजून नक्की समजत नाही. पण माझी चूक स्वतःच्या गळ्यात अडकवून तो माणूस चितेवर गेला, हे मला सहन होत नाही. म्हणून हे सगळं मीनलला आणि यादीवरच्या सगळ्यांना पाठवतो आहे. चौथ्या नियमाप्रमाणे एक दिवस ठेवलंय. आणि प्रोग्रामच्या फायलीत, अण्णांच्या नावाच्या ओळीखाली, आज हे घातलंय:

चूक: ऑक्टोबर १९९८, सर्व फायलींतली नावं काढली.
कोणी: चंदर हरिचंद्र भोपी, चिखलोली.
दुरुस्ती: बाकी.