स्पिरिटच्या डब्यावरचं तोंड

नकल्याचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. काम नऊला, पण दारू सुटली तशी झोपही सुटली होती. तो कारखान्याच्या बंद शटरपुढे पायरीवर बसून राहायचा. किल्ली शेजारी काम करणाऱ्या सुतारमामांकडे असायची; मागितली असती तर त्यांनी दिली असती. त्याने मागितली नाही. आत स्पिरिटचा डबा होता.

लाकडाला पॉलिश करणं हा त्याचा धंदा. चपडा लाख स्पिरिटात विरघळवायची, फडक्यात कापसाचा बोळा बांधायचा आणि फिरवत राहायचा. हात खांद्यातून चालला पाहिजे. मध्येच थांबला की डाग पडतो; मग सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. वाईट दिवसांत तो तेच स्पिरिट पाणी घालून प्यायला होता. मरता मरता वाचला, तेव्हा दारू सुटली. दुसरं काम त्याला येत नव्हतं.

गुत्त्यावर लोक त्याच्या नकलांवर खूश होऊन त्याला पाजायचे. आता तोंड उघडलं की समोर ग्लास येईल, अशी त्याला धास्ती. तो मुका झाला. डब्याचं झाकण काढलं की कपाळावर घाम यायचा.

एकदा मामांनी विचारलं, "पीत होतास तेव्हा कोणाला टरकायचास?"

"सासूबाईंना."

"मग काढ त्यांना डब्यावर."

नकल्याने खडूने काढल्या: मोठा अंबाडा, फुगलेल्या नाकपुड्या, घट्ट मिटलेलं तोंड. तेव्हापासून झाकण काढताना तो त्यांच्या आवाजात दरडावायचा, "जावईबापू, हात कुठे चाललाय?" तिकडून मामा ओरडायचे, "बोळ्याकडे, आई, बोळ्याकडे!" हसण्याच्या भरात हात कामाला लागायचा. तलफ जास्त असली की नक्कल चिरकायची. मग मामा रंधा खाली ठेवून त्याच्या शेजारी येऊन उभे राहायचे.

त्याची मुलगी सासूबाईंकडे होती. बायको वारली तेव्हा तो शुद्धीत नव्हता. पोरीला आजीनेच उचलून नेलं. ती परत यावी, एवढंच त्याला हवं होतं. "आधी काम करताना बघेन," असा सासूबाईंचा निरोप होता. एका सकाळी त्या पोरीला घेऊन न सांगता दारात उभ्या राहिल्या. डबा पुसायलाही वेळ मिळाला नाही.

"हे कोण?"

मामा खाली वाकून उगाच भुसा झाडू लागले.

"तुम्ही," नकल्या म्हणाला. "तुम्ही बघताय म्हटलं की हात पिण्याकडे जात नाही."

सासूबाईंनी डबा निरखला. "एवढा अंबाडा राहिलाय कुठे आता, मेल्या!" आणि त्यांना हसू फुटलं. लगेच तोंडावर हात गेला, पण त्याने पाहिलं. पुढचे दात नव्हते. दारूसाठी तो पोरीच्या कानातलं काढून नेत असताना म्हातारी आडवी आली होती, तेव्हा त्यानेच तिला उंबऱ्यावर ढकललं होतं. त्याला वाटायचं, ती मुळातच घुमी, म्हणून तोंड मिटून असते.

पोरगी हसली नाही. तेव्हाही ती तिथेच होती.

नकल्याचा बोळ्यावरचा हात थांबला. कपाटाच्या दारावर डाग पडला.

"बघू," म्हणून सासूबाई पोरीला घेऊन परत गेल्या. त्याने दार घासून पुन्हा केलं. मग वर्षभर, मामा असतील तोवर थांबून, तो जादा काम मागून घेत राहिला. त्या मजुरीतून सासूबाईंचे दात बसले.

"कसे आहेत?" त्याने सासूबाईंच्या दारातूनच विचारलं. पोरगी आजीच्या मागे उभी होती.

"चावायला बरे आहेत," सासूबाई म्हणाल्या. "हसायचं पुढे बघू."